सुईच्या बळावर मिळविलेले स्वातंत्र्य



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु ज्यांच्या हाती तलवार नव्हती, केवळ सुई होती, अशांचाही इतिहास आहे. अमेरिकेतील एलिझाबेथ केकली या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीची हकिकत मी आपल्यापुढे ठेवीत आहे. शिवणकामाला जे कमी लेखतात त्यांनी ती वाचावीच. पण ज्यांना स्वतःचे शिवणाचे दुकान काढावयाचे आहे त्यांनी ती अधिक लक्षपूर्वक वाचावी.

एलिझाबेथचा जन्म १८१८ साली व्हर्जिनिया राज्यात गुलामगिरीत झाला. तिची आई उत्तम शिवीत असे. तेच कसब लेकीच्या हाती आले. पुढे ती ज्या गार्लंड कुटुंबाच्या मालकीची होती ते सेंट लुई शहरी गेले. तेथे त्यांची परिस्थिती खालावली, तेव्हा तिच्या वृद्ध आईला परक्या घरी कामास पाठविण्याचा विचार सुरू झाला. एलिझाबेथला ते सहन झाले नाही. तिने स्वतःच बाहेरचे कपडे शिवावयास घेतले. हळूहळू शहरातील बड्या घरच्या स्त्रिया तिच्याकडे येऊ लागल्या. दोन वर्षे पाच महिने सतरा माणसांचे पोट तिच्या सुईवर चालले. विचार करा, राबणारी ती आणि खाणारे तिचे मालक!

तिने स्वतःची व मुलाची सुटका मागितली. किंमत ठरली १,२०० डॉलर. मिळकत सारी मालकाच्या घरी जात असता ही रक्कम साठणार कशी? न्यूयॉर्कला जाऊन मदत मागावी असे तिने ठरविले. हे तिच्या एका गिऱ्हाईक बाईंना कळले. तिने परमुलखात हात पसरावा हे त्यांना रुचले नाही. त्यांनी आपल्या ओळखीच्या स्त्रियांत पैसे उभे केले आणि नोव्हेंबर १८५५ मध्ये मायलेक मुक्त झाले. एलिझाबेथने मात्र ती रक्कम देणगी म्हणून नव्हे, कर्ज म्हणून घेतली आणि शिवण करून फेडली.

१८६० साली तिने सेंट लुई सोडले. बाल्टिमोर येथे मुलींना बेतणे शिकविण्याचा वर्ग काढून पाहिला. तो चालला नाही. मग वॉशिंग्टनला येऊन अडीच डॉलर रोजाने कामास लागली. त्या काळी स्त्रियांचा पोशाख अंगाबरोबर बसवावा लागे. माप घेणे, बेतणे, कच्चे टाके घालून अंगावर बसवून पाहणे, पुन्हा उसवणे, यांत खरी परीक्षा असे. ती त्या परीक्षेस उतरली. एका गिऱ्हाइकाने दुसरीस सांगितले, दुसरीने तिसरीस, आणि मार्च १८६१ मध्ये ती राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या पत्नीची शिवणकर्ती झाली. त्याच वर्षी यादवी युद्धात तिचा एकुलता मुलगा कामी आला. तरीही १८६२ साली, गुलामीतून सुटून आलेल्या निराधारांच्या मदतीसाठी तिने एक संस्था उभारली.

आता या हकिकतीची दुसरी बाजूही पाहा. १८६८ साली तिचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. संकटात सापडलेल्या लिंकनबाईंची बाजू जगापुढे यावी असा तिचा हेतू होता. पण पुस्तकात त्यांची खाजगी पत्रेही छापली गेली. लोक संतापले, लिंकनबाई दुरावल्या आणि इतर गिऱ्हाइकेही कमी झाली. कपडे शिवणारी व्यक्ती घराच्या आतपर्यंत जाते, अनेक गोष्टी पाहते, ऐकते. तिच्या धंद्याचे भांडवल कापड नव्हे, तर विश्वास. तो वर्षानुवर्षे टाक्याटाक्याने जमतो. उसवायला मात्र वेळ लागत नाही.

तरीही तिची विद्या वाया गेली नाही. १८९२ पासून ओहायो राज्यातील विल्बरफोर्स विद्यापीठात ती मुलींना शिवणकाम शिकवू लागली. जो वर्ग बाल्टिमोरला चालला नव्हता, तो असा बत्तीस वर्षांनी उभा राहिला. १९०७ साली वॉशिंग्टन येथे तिचे निधन झाले.

पालकहो, आपली मुलगी वा मुलगा शिवण शिकू म्हणेल तर "शिक्षण जमले नाही म्हणून" असे म्हणून त्यास हिणवू नका. त्यास शाळेतही ठेवा आणि हुन्नरही शिकू द्या. मापाची वही व जमाखर्च लिहावयास अक्षर व गणित दोन्ही लागतात. आणि विद्यार्थी मित्रहो, उद्या दुकान काढाल तेव्हा सांगितलेल्या दिवशी कपडा द्या, उरलेले कापड परत करा, घेतलेले कर्ज फेडा आणि गिऱ्हाइकाच्या घरची गोष्ट आपल्यापाशीच ठेवा.