मॉडेमच्या खोक्यातल्या दोन वायरी



गेल्या रविवारी मामेबहिणीचा फोन आला. "दादा, लॅपटॉपवर लिनक्स टाकलंय. घरी फायबर घेतोय. माझ्या लिनक्सला कुठला राउटर चालेल?" मी म्हटलं, "कुठलाही." ती म्हणाली, "कुठलाही म्हणजे?" म्हटलं, "अगं, कुठलाही म्हणजे कुठलाही. लाव आणि वापर." दीड मिनिटात फोन संपला.

फोन ठेवला आणि चहा घेऊन गॅलरीत बसलो तेव्हा जाणवलं, हे 'कुठलाही' म्हणायला आम्हाला किती वर्षं लागली! आज त्याचीच गोष्ट सांगतो. जराशी टेक्निकल आहे, पण घाबरू नका, घरचीच आहे.

तर सुरुवात १५ ऑगस्ट १९९५ पासून. त्या दिवशी व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हा दोन प्रकारची खाती मिळत. महागड्या खात्यावर चित्रं दिसायची आणि स्वस्त 'शेल' खात्यावर फक्त अक्षरं. शेल खात्यात तुमचा कॉम्प्युटर म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, सगळं काम पलीकडच्या मशीनवर. मॉडेम सिरीयल पोर्टला जोडायचा आणि त्याच्याशी 'एटी' ने सुरू होणाऱ्या आज्ञांत बोलायचं. ह्या आज्ञा १९८१ च्या हेज स्मार्टमॉडेमपासून चालत आलेल्या. पुढे सगळ्या मॉडेमवाल्यांनी त्याच उचलल्या.

गंमत बघा, त्या काळात 'लिनक्सला कुठला मॉडेम चालेल' हा प्रश्नच नव्हता. बाहेर ठेवायचा मॉडेम हे स्वतःच एक पूर्ण यंत्र होतं. आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज तो स्वतः करायचा. कॉम्प्युटरने फक्त सिरीयल पोर्टवर चार अक्षरं पाठवायची. विंडोज असो, डॉस असो की लिनक्स, त्याला काय फरक पडतो?

लिनक्सही तेव्हा नेटवरून यायचं नाही, मासिकातून यायचं! पीसीक्वेस्टच्या अंकाबरोबर सीडी मिळायची. तिच्यामागे अतुल चिटणीस ह्यांचा मोठा हात होता. पुढे बंगलोरची 'फॉस डॉट इन' परिषदही त्यांनीच उभी केली. २०१३ मध्ये ते गेले. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांनी पहिलं लिनक्स बघितलं ते त्या सीडीवरून. मीही त्यातलाच.

आता येऊ पनवेलला.

२००२. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. डॉट कॉमचा फुगा फुटून गेलेला, कॅम्पसला कंपन्या फिरकत नव्हत्या. बाबांनी पीएफमधून पैसे काढून कॉम्प्युटर घेऊन दिला आणि मॉडेमसाठी वेगळे पैसे हातात ठेवले. मी हार्बर लाइन पकडून, गाड्या बदलत ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानात दोन प्रकारचे मॉडेम. एक बाहेर ठेवायचा, महाग. दुसरा आत बसवायचा, पीसीआय कार्डाचा, अर्ध्याहून कमी किमतीचा. दोन्हींवर स्पीड तोच लिहिलेला, ५६ के. मी हुशार! स्वस्तातला घेतला आणि उरलेल्या पैशांची पुस्तकं घेतली.

घरी येऊन लावला तर विंडोजवर चालला, लिनक्सवर मात्र ढिम्म.

त्याला म्हणायचे विनमॉडेम. बाहेरच्या मॉडेममधली मेहनत करणारी चिप काढून टाकायची आणि ते काम कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर ढकलायचं. कार्डावर उरतं काय, तर फोनची वायर लावायला भोक आणि थोडंफार सर्किट. म्हणून तो स्वस्त. बाकीचा अख्खा मॉडेम म्हणजे सीडीवरचा ड्रायव्हर, आणि तो फक्त विंडोजसाठी. त्याच्या आत काय चालतं हे कंपनी सांगत नाही, त्यामुळे लिनक्सवाले तो लिहूही शकत नाहीत. काही चिपांसाठी लोकांनी खटपट करून अर्धेमुर्धे ड्रायव्हर जमवले होते. कॉनेक्झंटच्या चिपांसाठी लिनक्सअँट नावाची कॅनडातली कंपनी ड्रायव्हर विकायची. फुकट आवृत्तीही होती, पण तिचा वेग १४.४ केबीपीएसवर अडकवलेला.

माझा ड्रायव्हर शोधायला नेट हवं आणि नेट लागायला ड्रायव्हर हवा. मग काय, सायबर कॅफे! फ्लॉपीवर फाईल आणायची, घरी कंपाईल करायची, एरर कागदावर लिहून घ्यायची, परत कॅफे. मी हट्टाने विंडोज उडवून टाकलं होतं. वयच तसं होतं.

जुलैत पाऊस लागला. तीन दिवस मी कॅफेत गेलो नाही. चौथ्या दिवशी मेल उघडला तर एका कंपनीचं इंटरव्ह्यूचं बोलावणं, आदल्या दिवशीचं. फोन करून बघितला. "नेक्स्ट टाइम अप्लाय करा," म्हणाले.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते रागावले नाहीत. फक्त विचारलं, "दुसरा मॉडेम कितीला होता?" मी आकडा सांगितला. ते "बरं" म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. ते 'बरं' मला अजून ऐकू येतं. चूक कोणाची नव्हती, माझीच होती. मी किंमत बघितली, पण जे घेतोय ते यंत्र आहे की यंत्राचं टरफल, हे बघितलं नाही.

असो.

१४ ऑक्टोबर २००४ ला सरकारचं ब्रॉडबँड धोरण आलं. ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस आणि कायम चालू, अशी व्याख्या त्यात केली होती. (हसू नका. २०१३ मध्ये ती ५१२ केबीपीएस झाली आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस.) जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन आणि एमटीएनएलचं ट्रायबँड सुरू झालं. मुंबईत एमटीएनएल, आमच्या पनवेलला बीएसएनएल.

हे सगळं चालायचं एडीएसएलवर. म्हणजे फोनची तीच जुनी तांब्याची तार. आपलं बोलणं त्या तारेच्या फक्त खालच्या ४ किलोहर्ट्झमध्ये मावतं. वरचा साधारण १.१ मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा रिकामाच पडलेला असतो, डेटा तिथून पाठवायचा. फोनवर खरखर ऐकू येऊ नये म्हणून मधे एक छोटा स्प्लिटर. घराघरात लोक पाठवतात कमी आणि मागवतात जास्त, म्हणून येणारा रस्ता रुंद आणि जाणारा अरुंद ठेवावा, ही युक्ती अमेरिकेतल्या बेलकोर संस्थेच्या जोसेफ लेचलायडर ह्यांची, १९८० च्या दशकाच्या शेवटची. एडीएसएलमधला पहिला 'ए' तोच, असिमेट्रिक.

आमच्याकडे ब्रॉडबँड आलं २००६ च्या पावसाळ्याआधी. तोपर्यंत मी बेलापूरला नोकरीला लागलो होतो. फॉर्म भरताना बाबा एवढंच म्हणाले, "ह्या वेळी नीट चौकशी कर."

केली. मॉडेम बसवायला एक काका आले, पन्नाशीचे, खांद्याला झोळी. खोकं उघडलं. आत मॉडेम, स्प्लिटर, एक सीडी आणि दोन वायरी. एक यूएसबीची, एक ईथरनेटची. काकांनी सवयीने यूएसबीची उचलली आणि सीडी माझ्या हातात दिली.

"काका, ती नको. दुसरी लावू या."

"अहो साहेब, सगळ्यांकडे हीच लावतो. त्याला कार्ड लागतं मागे."

"कार्ड आहे."

कार्ड होतं. रिअलटेकचं आरटीएल ८१३९, तेव्हा बाजारात मिळणाऱ्या सगळ्यात स्वस्त नेटवर्क कार्डांपैकी एक. पण त्याचा लिनक्स ड्रायव्हर वर्षानुवर्षं चोख चालत होता. लिनक्सचे सुरुवातीचे कितीतरी ईथरनेट ड्रायव्हर नासाच्या गोडार्ड केंद्रात काम करणाऱ्या डोनाल्ड बेकर ह्यांनी लिहिले. साधे कॉम्प्युटर एकमेकांना जोडून महासंगणकाचं काम करून घ्यायचा बेओवुल्फ प्रकल्प तिथे १९९४ मध्ये चालू होता. त्यासाठी स्वस्त कार्डं लिनक्सवर चालायलाच हवी होती. त्याचा फायदा बारा वर्षांनी पनवेलच्या एका ब्लॉकमधल्या मुलाला झाला!

ईथरनेटची वायर लावली. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं, नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५, पीपीपीओई, युजरनेम, पासवर्ड, सेव्ह. दिवे लुकलुकले आणि स्थिर झाले. सीडी पाकिटातच राहिली.

काका पडद्याकडे बघत म्हणाले, "हे विंडोज नाही ना?" म्हटलं, "नाही." "मग ड्रायव्हर?" म्हटलं, "लागतच नाही. वायरीच्या पलीकडे जे काय चाललंय ते मॉडेम बघतो." काका थोडं थांबले. मग म्हणाले, "म्हणजे सीडी खराब असली तरी ही वायर चालेल?" चालेल की! त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, त्यांच्या कामाचा. सीडी न वाचणारे कॉम्प्युटर त्यांना रोज भेटत असणार. आईने चहा दिला, तो पिऊन ते खूश होऊन गेले.

आणि मॉडेमने पीपीपीओई केलं नाही तरी अडत नव्हतं. त्याला नुसता 'ब्रिज' करायचा आणि लॉगिन लिनक्सकडूनच करायचं. पीपीपीओईचं मानक फेब्रुवारी १९९९ मध्येच सगळ्यांसाठी छापलं गेलं होतं. कॅनडातल्या रोअरिंग पेंग्विन कंपनीने त्याचा मुक्त प्रोग्राम लिहिला, आणि उबुंटूमध्ये 'पीपीपीओईकॉन्फ' टाईप केलं की दोन प्रश्नांत काम व्हायचं.

मग सुरू झाल्या रात्री. होम ५०० प्लॅनवर रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड मोजत नसत. २५६ केबीपीएस म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ३२ केबी. ७०० एमबीच्या सीडीला लागतात सव्वासहा तास, आणि फुकटची वेळ सहा तास! एका डिस्ट्रोला दोन रात्री. 'डब्ल्यूगेट' ला अर्धवट फाईल पुढे चालू करायला सांगायचं आणि गजर लावून झोपायचं. (नाहीतर उबुंटूवाले २०११ पर्यंत पोस्टाने फुकट सीडी पाठवायचे, तो राजमार्ग होताच.) १ जानेवारी २००७ पासून वेग २ एमबीपीएसपर्यंत नेला आणि रात्रीची झोप परत मिळाली.

पुढे डोंगलचा जमाना आला, साधारण २००९ पासून. आणि परत तेच नाटक. कितीतरी डोंगल लावल्यावर आधी सीडी ड्राइव्ह असल्याचं सोंग घेत. त्या खोट्या सीडीवर विंडोजचा ड्रायव्हर. तो बसला की मगच सोंग टाकून मॉडेम होणार. लिनक्सवाल्यांनी ह्यावर 'यूएसबी मोडस्विच' नावाचा प्रोग्राम काढला. त्याने डोंगलला योग्य तो संदेश धाडला की तो गुपचूप मॉडेम व्हायचा. मग त्याच्याशी बोलायचं कसं? तर सिरीयल पोर्टसारखं, 'एटी' च्या आज्ञांत. १९८१ च्या!

एवढं सगळं सांगून सूत्र एकच निघतं. लिनक्ससाठी घेताना अक्कल वायरीच्या पलीकडे असलेलं यंत्र घ्यावं, आणि मधल्या वायरीवर जी भाषा चालते ती छापील, सगळ्यांना खुली असावी. सिरीयलचा मॉडेम, ईथरनेटचा मॉडेम, आजचा फायबरचा डबा, सगळे ह्या चाळणीतून पार होतात. विनमॉडेम आणि ड्रायव्हरवाली यूएसबी अडकतात.

त्याहून मजा म्हणजे पलीकडचं यंत्रच लिनक्सवर चालायला लागलं. २००३ मध्ये लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी ५४ जी राउटरमध्ये लिनक्स असल्याचं लोकांनी शोधून काढलं. परवान्याप्रमाणे कंपनीला सोर्स कोड द्यावा लागला, आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. आपल्याकडच्या ब्रॉडकॉम चिपांच्या बऱ्याच एडीएसएल मॉडेममध्येही लिनक्सच होतं. म्हणजे 'लिनक्सला हे चालेल का?' असं ज्याच्याबद्दल विचारायचो, तो स्वतःच लिनक्स!

हे लिहिताना लक्षात आलं की बहिणीला मी दिलेलं उत्तर जरा घाईचं होतं. म्हणून परत फोन केला आणि तीन गोष्टी सांगितल्या. एक, राउटर कुठलाही चालेल, पण यूएसबीचं वायफाय डोंगल घेणार असशील तर आधी चिपचा नंबर बघ. रिअलटेकच्या काही यूएसबी चिपांचे ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये आले ते २०२३ च्या ६.२ आवृत्तीत. कर्नल त्याहून जुना असेल तर बसशील कंपाईल करत. दोन, निदान एक ईथरनेटची वायर घरात ठेव. वायफाय रुसलं तर तीच कामाला येते. आणि तीन, फायबरवाल्यांना विचार की डब्याचं अ‍ॅडमिन लॉगिन देणार का, किंवा ब्रिज करून देणार का. आत लिनक्स असूनही तुला दार उघडता येत नसेल, तर तो डबा तुझ्या घरात आहे, पण तुझा नाही.

ती म्हणाली, "दादा, एवढं सगळं आधी का नाही सांगितलंस?"

म्हटलं, "तू नीट चौकशी केलीस म्हणून आठवलं."

बाबा शेजारीच पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "बरं."

चला, पुढच्या शनिवारी भेटूच.