हौशी गायकांचे वाचन आणि स्वरलिपीची पुस्तके

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पेशाने वकील, शिक्षक वा कारकून असलेल्या मराठी हौशी गायक-वादकांच्या घरी विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची ‘क्रमिक पुस्तकमालिका’ वाचली जाऊ लागली, ही घटना संगीताच्या इतिहासात महत्त्वाची मानली पाहिजे. सहा भागांच्या या मालिकेत चिजा, म्हणजे रागात बांधलेल्या बंदिशी, स्वरलिपीत, म्हणजे स्वर व ताल दर्शविणाऱ्या लेखनपद्धतीत दिल्या होत्या. त्यामुळे जी सामग्री पूर्वी घराण्याच्या, म्हणजे गुरुपरंपरेने चालत आलेल्या गायनशैलीच्या, शिष्यालाच, तीही दीर्घ सेवेनंतर, मिळत असे, ती पेटी पुढ्यात घेऊन बसलेल्या वाचकाच्या हाती आली. भातखंडे स्वतः पेशाने वकील होते, आणि त्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा शास्त्रग्रंथ मराठीत गुरु-शिष्य संवादाच्या रूपात लिहिला, यातून अशा जिज्ञासू वाचकाविषयीची त्यांची आस्था दिसते.

स्वरलिपीत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकण्याची क्रिया, पुरेशी उतरत नाही, आणि केवळ पुस्तकावरून गाणारा तिथेच अडतो. म्हणून वाचनाला श्रवणाची जोड अनिवार्य राहिली. याच श्रोत्या-वाचकासाठी पुढे गोविंदराव टेंबे यांचे ‘माझा संगीत व्यासंग’ आणि बी. आर. देवधर यांचे ‘थोर संगीतकार’ ही पुस्तके आली. व्यवसायाने हिशेबतपासनीस असलेल्या वामनराव देशपांडे यांनी तर गायिका मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकत घराण्यांच्या सौंदर्यदृष्टीचा शोध घेणारे ‘घरंदाज गायकी’ लिहिले, आणि हौशी साधकही संगीतविचारात मूलभूत भर घालू शकतो, हे त्या ग्रंथाने निःसंशय सिद्ध केले.