मेणाचं नाक

परवा बाबांच्या खांद्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी सीटी स्कॅनवरून त्यांचा सांधा संगणकावर उभा केला, स्क्रू कुठे आणि किती तिरका जाईल ते आधीच दाखवलं. खांद्याची खोबण बशीसारखी उथळ, हाड थोडंच. चूक परवडत नाही.

कर्वेनगरला परतताना कावसजी आठवला. इंग्रजांच्या सैन्यातला हा गाडीवान १७९२च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या एका माणसाने आधी मेणाचं नाक केलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं, कडेने रेघ आखली. मगच शस्त्र चालवलं. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने हे छापलं. त्या माणसाचं नाव मात्र नाही. नुसतं विटा पाडणाऱ्यांच्या जातीचा, एवढंच.

बाबा म्हणाले, "म्हणजे शिंप्यासारखंच. आधी माप, मग कात्री!"

त्या रात्री ते शांत झोपले. मीही.