बर्लिनहून आणलेले माप

मराठी प्रवासवर्णनात इंग्लंड-अमेरिकेने जेवढी जागा अडवली, तिच्या मानाने जर्मनीच्या वाट्याला फार थोडी पाने आली. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेवरील पुस्तक १८८९चे, अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४०चे. या दोहोंच्या दरम्यान एक मराठी स्त्री पतीला मागे ठेवून बर्लिनला गेली आणि १९३०मध्ये डॉक्टरेट घेऊन परतली. प्रवासवर्णनाचे पुस्तक मात्र तिने लिहिले नाही. इरावतीबाई कर्वे यांचे ललित लेख आम्ही बदनापूरला, मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरच्या या छोट्या स्थानकाच्या गावी, वर्षानुवर्षे शिकवत आलो. त्या लेखांमागे हा न लिहिलेला प्रवास उभा आहे, असे आमचे मत आहे.

इरावतीबाईंचा जन्म १९०५चा, ब्रह्मदेशातला. नाव तेथल्या नदीवरून ठेवलेले. मुंबईस घुर्ये यांच्या हाताखाली एम. ए. झाल्यावर त्यांनी जर्मनीला जावे, ही पती दिनकरराव यांची इच्छा. ते स्वतः जर्मनीत रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवून आले होते. विरोध केला तो सासऱ्यांनी, म्हणजे साक्षात महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी! स्त्रीशिक्षणासाठी हयात वेचलेल्या पुरुषालाही घरच्या सुनेचे परदेशगमन रुचू नये, यावर चरित्रकारांनी फार वेळ घालवू नये हेच बरे; अण्णा स्वतः १९२९मध्ये, सत्तरी ओलांडताना, युरोप-अमेरिकेच्या प्रवासाला निघाले. सुनेच्या प्रवासासाठीचे कर्ज जीवराज मेहता यांनी दिले.

बर्लिनच्या डालेम या उपनगरात १९२७मध्ये मानवशास्त्र, आनुवंशिकी आणि सुप्रजननशास्त्र यांची कैसर विल्हेल्म संस्था उघडली होती. तिचा संचालक ऑयगेन फिशर हाच इरावतीबाईंचा मार्गदर्शक. १९०८मध्ये जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, मिश्रवंशीयांची मापे घेऊन त्याने नाव मिळवले होते. हेरेरो आणि नामा लोकांचा संहार जेथे नुकताच झाला होता, त्याच वसाहतीत. गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीची उजवी-डावी बाजू अधिक विषम असते आणि ती विषमता श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे, असे त्याचे गृहीतक होते. ते सिद्ध करण्याचे काम या भारतीय विद्यार्थिनीकडे आले. तिच्यापुढे १४९ कवट्या होत्या. त्यांत वसाहतींतून आणलेल्याही होत्या.

इरावतीबाईंनी त्या मोजल्या. निष्कर्ष असा निघाला की, कवटीच्या विषमतेचा वंशाशी संबंध नाही. परक्या देशात, कर्जाच्या पैशावर शिकणाऱ्या मुलीने गुरूचे गृहीतक त्याच्याच दालनात बसून मोडून काढले. फिशरने तिला सर्वांत खालची श्रेणी दिली. १९३३मध्ये हाच मनुष्य नाझी राजवटीत बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला.

इथेच थांबलो तर ही कथा फार सोपी होईल. इरावतीबाईंनी फिशरचा निष्कर्ष नाकारला. मोजण्याची हत्यारे मात्र त्या बरोबर घेऊन आल्या. १९३९पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम करताना महाराष्ट्रातील जातीजमातींची शरीरमापे त्यांनी पुढे अनेक वर्षे घेतली. जात समजून घ्यायला शरीर मोजावे लागते, ही धारणा डालेमचीच. अलीकडच्या अभ्यासकांनी ती दाखवून दिली ते योग्यच झाले. इरावतीबाईंच्या लेखनाविषयी आदर असलेल्यांनी ती झाकू नये.

पण ललित लेखिका इरावतीबाई वेगळ्याच वाटेने गेल्या. पंढरीच्या वारीवरचा त्यांचा ‘वाटचाल’ हा लेख काढून पाहावा. लेखिका दिंडीबरोबर चालते आहे. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगळे जेवतात, हे तिला दिसते आणि सलते. हातात माप नाही, डोक्यावर ऊन आहे, आणि जातीचा प्रश्न कवटीत नसून पंक्तीत आहे, हे चालता चालता लक्षात येत आहे. ‘युगान्त’मध्येही (१९६७) महाभारतातील माणसांकडे त्या याच नजरेने पाहतात, कोणाला देव्हाऱ्यात बसवत नाहीत आणि कोणाला हाकलूनही देत नाहीत. ही अलिप्तता नुसती संस्कृत वाचून आली असे आम्हांला वाटत नाही. आपल्याला मोजू पाहणाऱ्या शहरात एकटीने राहिल्याचा तो भाग असावा.

आता मराठवाड्यातलीही मुले शिक्षणासाठी जर्मनीला जातात. मे २०२३पासून तेथे महिन्याच्या एकाच तिकिटावर देशभरच्या प्रादेशिक गाड्यांतून हिंडता येते. सुट्टी मिळाली की पाठपिशवी घेऊन कोलोन, ड्रेस्डेन, म्युनिक अशी शहरे एकट्याने पालथी घालता येतात. बर्लिनला उतरणाऱ्याने भुयारी रेल्वेचा यू-३ मार्ग धरावा आणि ‘फ्राय युनिव्हर्सिटेट (टीलप्लाट्झ)’ येथे उतरावे. १९१३पासून गाडी तेथवर जाते. स्थानकापासून काही मिनिटांच्या चालीवर इनेस्ट्रासे २२ ही इमारत लागते. फिशरची संस्था येथेच होती. आता तेथे फ्राय विद्यापीठाच्या राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. भिंतीवर १९८८मध्ये बसवलेली पाटी आहे, ती वाचावी.