मॅप-फिल्टरला इतका उशीर का झाला?

यादीतल्या प्रत्येक घटकावर एकच क्रिया करणे म्हणजे मॅप आणि अटीत बसणारे घटक तेवढे निवडणे म्हणजे फिल्टर. यामागची युक्ती, म्हणजे एक फंक्शन दुसऱ्या फंक्शनच्या हाती देणे, नवी नाही. एमआयटीतील जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली लिस्प भाषेवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात ‘मॅपलिस्ट’ होते. तरीही उद्योगधंद्यात रुळलेल्या कंपाइल्ड भाषांमध्ये ती सहज वापरता येण्याजोगी व्हायला अर्धशतक लागले: सी++मध्ये लॅम्डा, म्हणजे जागच्या जागी लिहिलेली बिननावाची फंक्शन्स, २०११ साली आली, जावात २०१४ साली. धंदेवाईक प्रोग्रामर सनातनी होते, त्यांना गणिती शैलीचे वावडे होते, असे याचे कारण सांगितले जाते. ते पटत नाही. खरी अडचण खर्चाची होती, आणि तो खर्च नाहीसा करायला कंपायलर शिकले तेव्हाच दार उघडले.

हा खर्च दोन प्रकारचा होता. समजा, प्रत्येक घटकात एक मिळवायचा आहे. साध्या लूपमध्ये बेरजेची एक आज्ञा पुरते. मॅपमध्ये मात्र प्रत्येक घटकासाठी फंक्शनला वेगळी हाक मारावी लागते. शिवाय फिल्टरनंतर मॅप लावला की मध्ये एक यादी तयार होते, जी लगेच टाकूनच द्यायची असते. लिस्पला १९६२ सालीच टिम हार्ट आणि माइक लेविन यांचा कंपायलर मिळाला होता, मग तिथेच प्रश्न का सुटला नाही, असे कोणी विचारील. उत्तर असे, की यंत्रभाषेत उतरवल्याने ही मधली यादी आपोआप नाहीशी होत नाही. खर्चाखेरीज टाइपचा, म्हणजे घटक कोणत्या प्रकारचे आहेत याचा, पेच वेगळाच होता. आकड्यांसाठी आणि अक्षरांसाठी एकच मॅप लिहूनही टाइपची कडक तपासणी कशी टिकवायची, हे एडिंबरातील रॉबिन मिल्नर यांनी १९७८ च्या निबंधात दाखवले. तिथे उदाहरण म्हणून त्यांनी मॅपच घेतला होता.

खर्चाचे उत्तर दोन वाटांनी आले. फिलिप वॉडलर यांनी १९८८ साली मधल्या याद्या कंपायलरनेच काढून टाकण्याची रीत मांडली. गिल, लाँचबरी आणि पेटन जोन्स यांनी १९९३ साली ती हॅस्केलच्या कंपायलरला पेलेल इतकी सोपी केली. दुसरी वाट सी++ची. अलेक्झांडर स्टेपानोव्ह यांच्या टेम्प्लेट लायब्ररीत दिलेली क्रिया टाइपमधूनच कंपायलरला कळते, म्हणून ती जागच्या जागी उलगडता येते. सीच्या ‘क्यूसॉर्ट’ या क्रम लावणाऱ्या फंक्शनमध्ये तुलनेचे फंक्शन पॉइंटरमागे दडलेले असल्याने हे सहसा साधत नाही. २०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या रस्टने दोन्ही वाटांचे फळ घेतले. तिथे मॅप आणि फिल्टर मागणी होईपर्यंत काहीच करत नाहीत, मधली यादी बनतच नाही आणि शेवटी बहुधा हाताने लिहिलेल्या लूपसारखाच यंत्रकोड निघतो. उलट इंडेक्सने चालणाऱ्या लूपमध्ये जी सीमातपासणी करावी लागते, तीही अनेकदा टळते.

यावर वजनदार आक्षेप आहे तो गो भाषेच्या गोटातला. तिचे एक निर्माते रॉब पाइक यांनी गोमध्ये मॅप-फिल्टर लिहून पाहिले आणि स्वतःला त्यांची गरज कधीच पडली नाही, साधा लूप पुरतो, असे नोंदवले. हा आक्षेप अर्धा खरा आहे. मध्येच थांबायचे असेल, चुका हाताळायच्या असतील किंवा एका फेरीत चार गोष्टी बदलायच्या असतील, तर लूपच वाचायला सरळ असतो. पण गोला जेनेरिक्स, म्हणजे एकच कोड अनेक टाइपांसाठी लिहिण्याची सोय, मिळाले ते २०२२ साली. त्याआधी तिथे सर्व टाइपांसाठी एकच मॅप लिहायचा तर टाइपची तपासणी आणि वेग, दोन्ही गमवावे लागत. त्या परिस्थितीत मिळालेला अनुभव मॅपविरुद्धचा पुरावा ठरत नाही. मॅप आणि लूप या दोन्हींचा खर्च सारखा असेल, तर निवड वाचनीयतेवरच व्हायला हवी. वेगाच्या नावाखाली मॅप-फिल्टर नाकारण्याला १९६० साली आधार होता. चांगला कंपायलर हाताशी असताना आज तो उरलेला नाही.