पतंग आणि पतंगस्नेही बाग

पतंग : खवलेपंखी (लेपिडॉप्टेरा) गणातील, फुलपाखरे वगळून उरणाऱ्या कीटकांना पतंग म्हणतात. जगात त्यांच्या सुमारे दीड लाख जातींची नोंद झाली असून भारतात दहा हजारांहून अधिक जाती आढळतात. त्या मानाने भारतातील फुलपाखरांच्या जाती दीड हजारही भरत नाहीत. पतंगांना उपयोगी पडेल अशा रीतीने राखलेले परसू, बाग किंवा गच्चीवरच्या कुंड्या म्हणजे पतंगस्नेही बाग. फुलपाखरांच्या उद्यानात मधुरस देणाऱ्या फुलझाडांना पहिले स्थान असते. पतंगांच्या बाबतीत त्याआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात : अळीला खाण्याजोगी पाने आणि रात्रीचा अंधार.

ओळख : फुलपाखराच्या शृंगिकांची टोके गदेसारखी फुगीर असतात. पतंगांच्या शृंगिका दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. नराच्या शृंगिका बहुधा अधिक झुपकेदार असतात, कारण मादीने हवेत सोडलेला गंध त्याला दुरून टिपायचा असतो. विसावताना बहुतेक पतंग पंख आडवे पसरतात किंवा घराच्या छपरासारखे उतरते ठेवतात. बरेचसे पतंग निशाचर आहेत, पण सगळे नाहीत. गांधीलमाशीसारखे दिसणारे काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे अमाटा वंशातील पतंग पावसाळ्यात गवतावर दिवसाढवळ्या हिंडतात. मॅक्रोग्लॉसम वंशातील हॉक मॉथ फुलासमोर अधांतरी थांबून लांब सोंडेने मध पितो. महाराष्ट्रात ‘हमिंगबर्ड पाहिला’ असे कोणी सांगितले तर तो बहुतेक वेळा हाच पतंग असतो, कारण हमिंगबर्ड भारतात आढळत नाही.

जीवनक्रम : अंडे, अळी, कोश आणि प्रौढ अशा चार अवस्थांतून पतंग जातो. केसाळ अळीला सुरवंट म्हणतात. वाढ होते ती अळीच्या अवस्थेतच. प्रौढाचे काम मुख्यतः जोडीदार शोधून योग्य झाडावर अंडी घालण्याचे असते. सह्याद्रीतील अ‍ॅटलास पतंगाचा पंखविस्तार २० सेंमी.हून अधिक भरतो, पण प्रौढाला कार्यक्षम मुखांगे नसतात. तो काहीच खात नाही आणि अळीपणी साठवलेल्या चरबीवर थोडे दिवस जगतो. फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा मून मॉथ आणि टसर रेशीम देणारा पतंग यांचेही तसेच. अशा जातींसाठी बागेत कितीही फुले फुलवली, तरी त्यांचा वंश अळीच्या खाद्यवृक्षावरच टिकतो.

शहरातल्या बागेत हा जीवनक्रम सहज पाहता येतो तो तगरीवर. कण्हेर आणि तगर हे डॅफ्निस नेरी या हॉक मॉथचे खाद्य आहे. पावसाळ्यात तगरीची कोवळी पाने शेंड्याकडून नाहीशी होऊ लागली आणि खाली फरशीवर मिरीएवढ्या काळपट लेंड्या पडल्या, की वर अळी आहे असे समजावे. बोटाएवढी जाड ही अळी पानाच्याच हिरव्या रंगाची असल्याने डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही. अंगाच्या दोन्ही बाजूंनी पांढरी रेघ आणि ठिपके असतात, तर शेवटी आखूड पिवळसर शिंग असते. धक्का लागताच ती डोके आत ओढते. मग मानेशी झाकलेले दोन निळसर-पांढरे, काळ्या कडेचे ठिपके डोळ्यांसारखे वटारले जातात. पुरेशी वाढ झाली की तिचा हिरवा रंग जाऊन ती तपकिरी होते, झाडावरून उतरते आणि पालापाचोळ्यात विरळ रेशमी धाग्यांच्या आडोशाला कोशात जाते. त्यातून हिरव्या-गुलाबी संगमरवरी नक्षीचा प्रौढ बाहेर येतो. या खादाडीने निष्पर्ण झालेली तगर पुढे पुन्हा फुटते. मात्र अळी कोशात जाण्याच्या सुमारास झाडाखाली झाडलोट झाली, तर कोश पाचोळ्याबरोबर कचऱ्यात जातो.

निसर्गातील स्थान : रात्री उमलणारी, पांढरी, सुगंधी आणि लांब नळीची फुले ही बहुतांशी पतंगांसाठीची फुले आहेत. बूच, सोनटक्का आणि गवताळ पठारांवरील हबेनारिया वंशातील आमरी यांच्या फुलांत मध इतका खोल असतो, की हॉक मॉथसारखी लांब सोंडच तिथवर पोचते. पपईच्या परागीभवनातही हॉक मॉथचा वाटा आहे.

अन्नसाखळीत पतंगांचे महत्त्व याहून मोठे आहे. शिंपी, दयाळ, चष्मेवाला अशा पक्ष्यांची पिल्ले अळ्यांवर वाढतात. पावशा आणि चातक तर इतर पक्षी टाळतात ते केसाळ सुरवंटही खातात. रात्री पतंगांमागे वटवाघळे असतात. त्यांचे श्राव्यातीत ध्वनी ऐकू येणारे कान अनेक पतंगांना आहेत, आणि तो ध्वनी कानी पडताच हे पतंग गिरकी घेतात किंवा सरळ खाली कोसळतात.

माणसाशी संबंध : गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत ऐन व अर्जुन या झाडांवर टसरच्या अळ्या पाळतात. त्यांच्या कोशांना तिकडे ‘कोसा’ म्हणतात. अळ्या उघड्या झाडांवर वाढत असल्याने पक्ष्यांपासून त्यांची राखण करावी लागते.

शेतकऱ्याला पतंग माहीत आहेत ते मुख्यतः अळ्यांच्या नावांनी. कपाशीवरील गुलाबी बोंडअळी, हरभरा व तुरीवरील घाटेअळी आणि २०१८ मध्ये भारतात प्रथम नोंदली गेलेली, मका पोखरणारी अमेरिकन लष्करी अळी या सर्व पतंगांच्या अळ्या आहेत. कामगंध सापळ्यात अडकतात ते यांचेच नर. २०२२ च्या पावसाळ्यात राज्यात चर्चेत आलेली ‘घोणस अळी’ हीसुद्धा लिमॅकोडिडी कुलातील पतंगाची काटेरी अळी होती. तिच्या काट्यांनी तीव्र आग होते. ती चावत नाही किंवा अंगावर धावूनही येत नाही. अशा अळीचा स्पर्श झाल्यास त्वचा न चोळता चिकटपट्टीने काटे काढावेत, पाण्याने धुवावे आणि त्रास वाढल्यास डॉक्टरांकडे जावे. पिकांना लक्षणीय नुकसान करणाऱ्या जाती एकूण पतंगांच्या तुलनेत मूठभर आहेत.

प्रकाशाचा परिणाम : पतंग दिव्याकडे ओढले जातात, या समजुतीला २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकातील एका अभ्यासाने वेगळे वळण दिले. अतिवेगवान चित्रीकरणात असे दिसले, की उडताना कीटक आपली पाठ प्रकाशाकडे ठेवतात. मोकळ्या रानात आकाश जमिनीपेक्षा उजळ असल्याने या सवयीमुळे त्यांचा तोल राहतो. जवळच्या दिव्याकडे पाठ करताना मात्र ते कलतात आणि दिव्याभोवती घिरट्यांत अडकतात. त्यात त्यांची शक्ती आणि मीलनाचा वेळ वाया जातो, शिवाय सकाळी भिंतीवर बसून राहिलेले पतंग पाली आणि पक्ष्यांच्या तोंडी पडतात. निळसर-पांढऱ्या आणि अतिनील किरण सोडणाऱ्या दिव्यांचा परिणाम अधिक, पिवळसर उबदार दिव्यांचा कमी असतो.

पतंगस्नेही बाग : (१) खाद्यवनस्पती : महाराष्ट्र-गोव्यातील परसात पुढील वनस्पती सहज लावता येतात. तगर व कण्हेर डॅफ्निस नेरीसाठी, अळू व तेरडा थेरेट्रा वंशातील हॉक मॉथसाठी, रताळ्याचा वेल अ‍ॅग्रियस कॉन्व्होल्व्हुलीसाठी, आणि खुळखुळा पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके मिरवणाऱ्या युटेथीसासाठी. कळलावी किंवा लिली असेल तर पॉलिटेला ग्लोरिओसी या पतंगाच्या काळ्या-पांढऱ्या-लाल अळ्या दिसतात. जागा मोठी असल्यास अर्जुन किंवा ऐन लावावा. गुळवेल आणि वासनवेल यांवर युडोसिमा वंशातील देखणे पतंग वाढतात, पण त्यांचे प्रौढ रात्री संत्रा-मोसंबीच्या फळांना सोंडेने भोके पाडून रस शोषतात आणि फळगळ होते. म्हणून विदर्भातील संत्राबागांच्या आसपास हे वेल न ठेवण्याचा सल्ला दिला जातो. मुंबई-पुण्याच्या गच्चीवर ती अडचण नाही.

(२) मधुरस : बूच, सोनटक्का, रातराणी, अनंत अशी सायंकाळनंतर दरवळणारी फुलझाडे सोंड असलेल्या पतंगांसाठी लावावीत. एकेरी पाकळ्यांच्या जाती निवडाव्यात, कारण दुहेरी पाकळ्यांच्या फुलांत मधापर्यंत पोचणे अवघड जाते.

(३) जमीन : अनेक पतंग मातीत किंवा पाचोळ्यात कोश करतात. पालापाचोळा जाळू नये. झाडांच्या बुंध्याशी तो पसरून ठेवावा आणि एखादा कोपरा गवतासाठी न खुरपता सोडावा. सबंध अंगणाला फरशी बसवल्यास त्यावर उत्तम खाद्यवनस्पती असूनही कोशासाठी जागा उरत नाही.

(४) फवारणी : रासायनिक कीटकनाशके अर्थातच टाळावीत. ‘सेंद्रिय’ म्हणून विकली जाणारी निंबोळी अर्काची आणि बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूची फवारणीही अळ्यांना घातक असते, आणि ती उपद्रवी व निरुपद्रवी असा भेद करत नाही. भाजीच्या वाफ्यावर अळ्या जास्त झाल्यास त्या हाताने वेचाव्यात. कातरलेली पाने हे अशा बागेतील दुखणे नसून तिचे उत्पन्न आहे.

(५) दिवे : बागेतील शोभेचे दिवे काढावेत. आवश्यक दिवा पिवळसर प्रकाशाचा, झाकणाखालून फक्त जमिनीवर उजेड पाडणारा आणि माणूस आल्यावरच लागणारा असावा. कीटक मारणारी विजेची निळी यंत्रे लावू नयेत. त्यांत डासांपेक्षा पतंग आणि इतर निरुपद्रवी कीटकच अधिक मरतात.

निरीक्षण : महाराष्ट्रात जून ते ऑक्टोबर हा उत्तम काळ. चांदणे नसलेल्या, दमट आणि वारा पडलेल्या रात्री पांढरा पडदा ताणून त्यावर दिवा सोडला, की पतंग येऊन बसतात. दुसरी रीत म्हणजे अतिपिकलेले केळे आणि गूळ आंबवून झाडाच्या खोडाला लावणे. या रीतीत प्रकाशाचा त्रास होत नाही. दिव्यावरचे निरीक्षण तास-दोन तासांत आटोपावे आणि पतंगांना हात न लावता छायाचित्रे घ्यावीत. २०१२ पासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यात अनेक देशांत पतंग सप्ताह पाळला जातो. तो आपल्याकडे ऐन पावसाळ्यात येत असल्याने इथल्या निरीक्षकांच्या पथ्यावर पडतो.

अभ्यास : भारतीय पतंगांची मोठी सूची जॉर्ज हॅम्पसन यांनी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतील चार खंडांत (१८९२–९६) दिली. हॉक मॉथवरील पाचवा खंड १९३७ मध्ये टी. आर. बेल आणि एफ. बी. स्कॉट यांनी लिहिला. बेल हे मुंबई इलाख्याच्या वनखात्यात होते आणि त्यांनी कारवारला राहून तिथल्या रानातील अळ्या वाढवल्या. त्यामुळे या खंडात पंखांच्या वर्णनाबरोबर अंडी, अळी, कोश आणि खाद्यवनस्पती यांचाही तपशील येतो. आजही अनेक भारतीय पतंगांच्या अळ्या कोणत्या झाडावर वाढतात याची नोंद अपुरी आहे. एखादी अनोळखी अळी जाळीदार झाकणाच्या बरणीत, ज्या झाडावर सापडली त्याचीच ताजी पाने रोज देऊन वाढवली, झाडाचे नाव व तारीख लिहून ठेवली आणि बाहेर आलेल्या पतंगाचे छायाचित्र घेऊन तो सोडून दिला, तर परसातूनही या नोंदीत भर घालता येते.