नाशिकचा कांदा बांगलादेशात कसा जातो? पेट्रापोलला गाड्या थांबल्या की लासलगावात भाव का पडतो?

निर्यात म्हटली की डोळ्यांसमोर समुद्र, जहाज आणि कंटेनर येतात. नाशिकच्या कांद्याचा एक मोठा ग्राहक मात्र रस्त्याने गाठावा लागतो. तो म्हणजे बांगलादेश. निफाड, येवला, चांदवड, लासलगाव भागात भरलेली गाडी सुमारे दोन हजार किलोमीटर धावून पश्चिम बंगालच्या सीमेवर पोहोचते. तिथे एका गेटवर तिचा नंबर लागतो. तो लागायला किती वेळ गेला, यावर व्यापाऱ्याचा नफा ठरतो आणि पुढच्या लिलावातली बोलीही ठरते.

हा मार्ग नेमका कसा चालतो आणि धोका कुठे असतो, समजून घेऊया.

पेट्रापोल म्हणजे काय?

पेट्रापोल हे पश्चिम बंगालच्या उत्तर २४ परगणा जिल्ह्यात, कोलकात्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. सीमेपलीकडचे ठिकाण म्हणजे बेनापोल. भारत-बांगलादेश यांच्यात जमिनीवरून होणाऱ्या व्यापारापैकी मूल्याच्या हिशेबाने सुमारे ७० टक्के व्यापार या एकाच ठिकाणाहून होतो.

इथे 'एकात्मिक तपासणी नाका' आहे. कस्टम्स, इमिग्रेशन, सुरक्षा, गोदाम आणि पार्किंग एकाच आवारात, अशी त्याची रचना. जुलै २०१६ मध्ये दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे त्याचे उद्घाटन केले. अशा नाक्यांचा कारभार लँड पोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडिया पाहते. ही संस्था २०१२ मध्ये सुरू झाली. म्हणजे न्हावाशेव्याला जे बंदर करते, तेच काम इथे जमिनीवर होते. म्हणूनच त्याला 'लँड पोर्ट' म्हणतात.

कांद्यासाठी आणखी काही नाके वापरले जातात: घोजाडांगा-भोमरा, मालदा जिल्ह्यातील महदीपूर-सोना मस्जिद आणि दक्षिण दिनाजपूरमधील हिली.

खळ्यापासून बेनापोलपर्यंत

१. लिलावात घेतलेला कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर येतो. तिथे प्रतवारी होते आणि माल गोण्यांत भरला जातो.

२. निर्यातदाराकडे आयात-निर्यात कोड (आयईसी) आणि अपेडाची नोंदणी लागते. मालासोबत इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि कीड-रोग नसल्याचे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र जाते.

३. बांगलादेशातील आयातदाराने तिकडच्या कृषी विभागाचा आयात परवाना घ्यायचा असतो. पैशांची हमी म्हणून बँकेतून एलसी, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, उघडायचे असते.

४. गाडी सीमेजवळच्या पार्किंगमध्ये थांबते. पश्चिम बंगाल सरकारने 'सुविधा' नावाची ऑनलाइन स्लॉट बुकिंगची व्यवस्था केली आहे. गाड्यांना तिथून पुढे जाण्याची वेळ मिळते.

५. क्लिअरिंग एजंट शिपिंग बिल दाखल करतो. कस्टम्सची अंतिम परवानगी मिळाली की चालक 'कार पास'वर गाडी पलीकडे नेतो.

६. भारतीय गाडी ढाक्यापर्यंत जात नाही. बेनापोलच्या आवारात माल उतरवून बांगलादेशी ट्रकमध्ये भरला जातो आणि रिकामी गाडी परत येते.

खर्च भाड्यात कमी, थांबण्यात जास्त

समजा, गाडीत २५ टन, म्हणजे २५ हजार किलो कांदा आहे आणि किलोचा भाव २० रुपये आहे. सीमेवर आठवडाभर थांबून त्यातला ५ टक्के माल खराब झाला, तर १,२५० किलो कांदा गेला. म्हणजे २५ हजार रुपयांचे नुकसान. त्यावर गाडीमालकाचे हॉल्टिंगचे पैसे वेगळे. उरलेला माल ओलसर दिसला तर पलीकडचा खरेदीदारही भाव पाडून मागतो.

कपडे किंवा यंत्राचे सुटे भाग असते तर महिनाभर उशीर परवडला असता. कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे थांबत नाहीत.

गेट बंद होते तेव्हा

१४ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने कांदा निर्यातीवर अचानक बंदी घातली. तेव्हा शेकडो गाड्या बांगलादेश सीमेवर अडकल्या आणि त्यांतला माल सडू लागला. बंदी १ जानेवारी २०२१ पासून उठली.

पुढचा मोठा धक्का २०२३ मध्ये बसला. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागले. नाशिकमधील व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. ऑक्टोबरअखेर प्रतिटन ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य ठरले आणि ८ डिसेंबरपासून थेट बंदी आली. या काळात बांगलादेशला ५० हजार टन कांदा देण्याची परवानगी मिळाली, पण ती नॅशनल को-ऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स लिमिटेड या संस्थेमार्फत. सर्वसाधारण निर्यात ४ मे २०२४ रोजी खुली झाली. तेव्हाही प्रतिटन ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लागू होते. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्याची अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. तेही १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले.

आकडे बोलके आहेत. देशाची कांदा निर्यात २०२२-२३ मध्ये २५.२५ लाख टन होती. २०२३-२४ मध्ये ती १७.१७ लाख टनांवर आली.

दार पलीकडूनही बंद होते. स्वतःचा कांदा बाजारात आला की बांगलादेश आयात परवाने रोखतो, म्हणजे तिकडच्या शेतकऱ्याला भाव मिळतो. ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना सरकार कोसळले तेव्हा सीमेवरचा व्यापार काही दिवस थांबला होता.

तिकडून माल आणायचा असेल तर?

नियम दोन्ही दिशांनी बदलतात. १७ मे २०२५ रोजी भारताने बांगलादेशी तयार कपड्यांची जमिनीवरील नाक्यांतून होणारी आयात बंद केली. हे कपडे फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता बंदरांतून आणता येतील, असे ठरले. त्याआधी एप्रिलमध्ये बांगलादेशनेही भारतीय सुताची जमिनीवरून होणारी आयात थांबवली होती.

रेल्वेचा पर्याय

मे २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे रस्ते अडले, तेव्हा लासलगावहून रेल्वेने बांगलादेशातील दर्शनाला कांदा पाठवण्यात आला. ही वाहतूक नदिया जिल्ह्यातील गेदेमार्गे होते. रेल्वेत एका वेळी बराच माल जातो आणि सीमेवरची ट्रकची रांग टळते. पण अख्खी गाडी भरेल इतका माल आणि तितका मोठा खरेदीदार लागतो. छोट्या निर्यातदाराला ट्रकच सोयीचा पडतो.

गाडी भरण्याआधी काय पाहावे?

- विदेश व्यापार महासंचालनालयाची ताजी अधिसूचना: बंदी, किमान मूल्य, शुल्क.
- खरेदीदाराचा आयात परवाना किती प्रमाणाचा आणि कोणत्या तारखेपर्यंतचा आहे.
- एलसी प्रत्यक्ष उघडली आहे का, याची आपल्या बँकेकडून खात्री. फोनवरचा शब्द पुरेसा नाही.
- नाक्यावर त्या दिवशी किती गाड्या थांबल्या आहेत, हे क्लिअरिंग एजंटकडून.
- हॉल्टिंग आणि घट कोणी सोसायची, हे लेखी.

शेतकऱ्याचा संबंध काय?

शेतकरी पेट्रापोलला जात नाही, पण तिथला धोका त्याच्या भावात धरलेला असतो. गाडी अडकेल अशी भीती असली की व्यापारी लिलावात बोली कमी लावतो. बंदी आली की परदेशी जाणारा माल देशातल्या बाजारात येतो आणि भाव आणखी खाली जातो. व्यापाऱ्याला पुढच्या गाडीत नुकसान भरून काढायची संधी असते. चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा मात्र रोज थोडा सडतो. गेट उघडेपर्यंत थांबायचे की पडत्या भावात विकायचे, हा निर्णय शेवटी शेतकऱ्यालाच घ्यावा लागतो.